दर महिन्याला खुरपूनही लव्हाळा का परततो?

प्रश्न : नाशिकजवळ आमच्या बंगल्याभोवती अडीच गुंठे जागा आहे. पुढे गुलाब आणि मोगरा, मागे भाजीचे चार वाफे, मध्ये पेव्हर ब्लॉकची वाट आणि कंपाउंडला लागून पडीक पट्टा. भिंतीपलीकडे शेजाऱ्यांची द्राक्षबाग आहे. माळीदादा दर महिन्याला येऊन सगळे खुरपून जातात, पण पंधरा दिवसांत बाग पुन्हा तणाने हिरवी होते. वाफ्यांत चकचकीत, अरुंद पात्याचे गवत आहे आणि त्याच्या मुळाशी काळ्या गाठी सापडतात. गुलाबात पेरापेराने पसरणारी हरळी घुसली आहे. कंपाउंडला गाजरगवत माजले आहे. कृषी सेवा केंद्रातून २,४-डी या तणनाशकाचे पाकीट आणले आहे, अजून फोडलेले नाही. मैत्रीण म्हणते, मीठ आणि व्हिनेगर फवार. घरात चार वर्षांचा नातू आणि कुत्रा आहे. खात्रीचा उपाय कोणता?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, नमस्कार.

पाकीट फोडू नका. मीठही बागेत नेऊ नका. दोन्हींची कारणे पुढे येतील, पण आधी तुमच्या पत्रातल्या सगळ्यात महत्त्वाच्या गोष्टीकडे वळू : खुरपणीतले महिन्याचे अंतर. तुमची बाग तणाला बळी पडते आहे ती माळीदादांच्या हलगर्जीमुळे नव्हे, या अंतरामुळे. तुमच्याकडे एक नव्हे, चार प्रकारची तणे आहेत आणि चौघांची जगण्याची तऱ्हा वेगळी आहे. चौघांना लागू पडेल असे एकच औषध शोधत राहिलात तर पैसे जातील आणि वाफ्यांतला गाठीवाला लव्हाळा राहील.

पहिले काम ओळख पटवण्याचे. अरुंद पात्याच्या तणाची दांडी बोटांत धरून फिरवा. तीन धारा बोटाला लागल्या तर तो लव्हाळा, म्हणजेच नागरमोथा. दांडी गोल आणि मध्ये पेरे असतील तर ते गवत आहे, तुमच्याकडे बहुधा हरळी. काळ्या गाठी सापडतात असे तुम्ही लिहिले आहे, तेव्हा वाफ्यांतल्या लव्हाळ्याबद्दल शंका नाही. याशिवाय घोळ, केना, आंबुशी, दुधाणी, माठ अशी किरकोळ तणे वाफ्यात असणारच. ती बियांवर किंवा वरवरच्या धुमाऱ्यांवर वाढतात आणि त्यांचा बंदोबस्त सोपा आहे. अवघड आहे तो लव्हाळा, म्हणून त्याच्यावर जास्त लिहितो.

लव्हाळ्याचे वर दिसणारे पाते म्हणजे त्याचा लहानसा भाग. खरा लव्हाळा जमिनीत असतो. तारेसारख्या बारीक, चिवट तंतूंनी जोडलेल्या गाठींची साखळीच असते ती. बहुतेक गाठी वरच्या सहा इंचांत सापडतात, काही फूटभर खोलही जातात. एका गाठीवर अनेक डोळे असतात, पण सगळे एकदम फुटत नाहीत. साखळीतल्या टोकाच्या गाठीला कोंब असला की मागच्या गाठी झोपून राहतात. खुरप्याने साखळी मध्येच तुटली की ही झोप मोडते आणि प्रत्येक तुकडा स्वतःच्या बळावर कोंब काढतो. म्हणून अर्धवट खणलेल्या वाफ्यात लव्हाळा कमी होण्याऐवजी दाट होतो.

आता महिन्याचा हिशेब पाहा. गाठीतून कोंब वर येतो तेव्हा तो गाठीतल्या साठ्यावर जगत असतो. पाती हिरवी होऊन अन्न बनवू लागली की तो साठा पुन्हा भरू लागतो आणि साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून नव्या गाठी धरायला सुरुवात होते. माळीदादा तिसाव्या दिवशी येतात. तोवर लव्हाळ्याने खर्च भरून काढलेला असतो आणि वर दोन गाठी शिल्लक टाकलेल्या असतात. पात्यांवरून खुरपे फिरते, बाग दोन दिवस स्वच्छ दिसते आणि जमिनीतला साठा दर महिन्याला वाढत जातो.

तेव्हा पहिला बदल हाच : खुरपणी दर बारा ते पंधरा दिवसांनी. पाते चार-पाच पानांचे होण्याआधी, नवी गाठ धरण्याआधी ते कापले गेले पाहिजे. असे झाले की प्रत्येक फुटव्यासाठी गाठीला स्वतःचे खावे लागते आणि परत काहीच मिळत नाही. माळीदादांना महिन्यातून एक पूर्ण दिवस देता त्याऐवजी दोन अर्धे दिवस द्या. मजुरी तितकीच पडेल. दोन फेऱ्यांच्या मध्ये तुम्ही स्वतः संध्याकाळी वाफ्यांवरून नजर टाकून उंच वाढलेली पाती कापलीत तर आणखी चांगले. पहिल्या पावसाळ्यात फरक दिसेल तो संख्येत कमी आणि पात्यांच्या जाडीत जास्त. कोंब बारीक, फिकट येऊ लागले म्हणजे गाठी रिकाम्या होत चालल्या आहेत. पूर्ण आटोक्यात यायला दोन ते तीन हंगाम धरा. यापेक्षा लवकर लव्हाळा संपवून देतो असे कोणी म्हणाले तर त्याला तुमच्या बागेत हात लावू देऊ नका. मधले दोन महिने सोडून दिले तर मात्र हिशेब पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, हे माळीदादांनाही समजावून सांगा.

कापायचे कसे, हेही जागेवर अवलंबून आहे. गुलाब-मोगऱ्याच्या आळ्यात खणू नका. गुलाबाची अन्न घेणारी मुळे वरच्या थरातच पसरलेली असतात. तिथे विळ्याने किंवा धारदार खुरप्याने पाते जमिनीलगत कापायचे, माती हलवायची नाही, आणि वर आच्छादन करायचे. भाजीच्या वाफ्यांत दोन पिकांच्या मध्ये जागा रिकामी होते, तिथे मात्र गाठी उपसून काढणे शक्य आहे आणि करावेच. मधला मार्ग, म्हणजे खुरपे दोन इंच खुपसून वरची साखळी तोडून गाठी तिथेच ठेवणे, दोन्हींपेक्षा वाईट. सध्या तुमच्याकडे नेमके तेच चालले आहे.

उपसणीसाठी जमीन वापशावर हवी. चिखलात गाठी मातीच्या गोळ्यात अडकून राहतात आणि कोरड्या काळ्या मातीत तंतू तुटतात. मूठभर माती दाबल्यावर गोळा झाला आणि बोटाने टोचल्यावर तो फुटला की वापसा आला. अशा वेळी कुदळ किंवा फावडे न घेता चार दातांचा लोखंडी काटा घ्या. फावड्याने साखळी चिरली जाते, काट्याने ती अख्खी उचलली जाते. झुपक्यापासून सहा इंच लांब काटा खोलवर रोवायचा, दांडा मागे दाबून ढेकूळ उचलायचे, हाताने फोडायचे, आणि एक गाठ सापडली की तिचा तंतू धरून पुढच्या गाठीपर्यंत जायचे. शंभर चौरस फुटांच्या वाफ्याला एका माणसाचा सहज दिवसभर लागतो. घाई केली तर अर्ध्या गाठी राहतात. काम झाल्यावर तीन आठवड्यांत जे कोंब येतील ते राहिलेल्या गाठी दाखवून देतात. ते गाठीसकट काढा, तेव्हाच ती उपसणी पुरी झाली असे समजा.

काढलेल्या गाठी कंपोस्टच्या खड्ड्यात जाता कामा नयेत. घरगुती खड्डा इतका तापत नाही की त्या मरतील, आणि पुढच्या वर्षी खताबरोबर तुम्हीच त्या सगळ्या वाफ्यांत पसरवाल. लव्हाळ्याच्या गाठीची दुबळी बाजू एकच आहे : तिला कोरड सोसत नाही. पत्र्यावर किंवा गच्चीवर पातळ पसरून कडक उन्हात दोन आठवडे वाळू द्या. नखाने साल खरवडून पाहा. आत पांढरा, ओलसर गर दिसला तर ती जिवंत आहे. आतून तपकिरी आणि कोरडी झाली की संपली. पावसाळ्यात ऊन मिळत नाही, तेव्हा शेडखाली जाळीवर पसरून ठेवा, मातीचा आणि पाण्याचा संपर्क येऊ देऊ नका.

याच दुबळेपणाचा मोठ्या प्रमाणावर उपयोग करायचा तो उन्हाळ्यात. शेतकरी उन्हाळी नांगरट करतात त्यामागे हेही एक कारण आहे. मार्चअखेर, जमिनीत थोडी ओल असतानाच, भाजीचे वाफे आठ ते दहा इंच खोल खणून मोठी ढेकळे उलटी टाका. मे महिन्यात खणायला गेलात तर नाशिकची काळी माती पहार लावूनही फुटणार नाही. मग एप्रिल-मे त्या वाफ्याला पाण्याचा थेंब लागू देऊ नका, ठिबकची लाइन तिथून काढून ठेवा. दर दोन-तीन आठवड्यांनी ढेकळे परता. वर आलेल्या गाठी वेचा, न दिसलेल्या वाळतील. हरळीच्या मुळ्यांनाही हाच उपाय लागू पडतो. भाजीचा एक उन्हाळी हंगाम बुडेल हे खरे, पण चारपैकी दोन वाफे एका वर्षी आणि दोन पुढच्या वर्षी असे केले तर घरची भाजी बंद होणार नाही.

ऊन वापरायची दुसरी पद्धत म्हणजे प्लास्टिकखाली माती तापवणे. इथे लोकांची गफलत होते. काळे प्लास्टिक घातले की लव्हाळा ते सुईसारखे भोसकून वर येतो, कारण अंधारात त्याचा कोंब टोकदार, घट्ट मिटलेलाच राहतो. पारदर्शक प्लास्टिकखाली उजेड मिळताच पाने उघडतात, मग टोचण्याचा जोर राहत नाही आणि ती तिथेच करपतात. म्हणून २५ ते ५० मायक्रॉनचे पारदर्शक प्लास्टिक घ्या. जमीन सपाट करून भरपूर पाणी द्या, प्लास्टिक मातीला चिकटेल असे ताणून पसरा, कडा सहा इंच खोल चरात गाडा आणि एप्रिलच्या सुरुवातीपासून सहा आठवडे तसेच ठेवा. हवेची फट राहिली तर माती तापत नाही. या पद्धतीने वरच्या दोन-तीन इंचांतले बहुतेक बी मरते, पण खोलवरच्या लव्हाळ्याच्या गाठी वाचतात. म्हणून निवड अशी करा : लव्हाळा-हरळीचा वाफा कोरडा तापवा, आणि घोळ-माठ-केन्याने भरलेला, रोपे टाकायचा वाफा ओला करून प्लास्टिकखाली तापवा. प्लास्टिक काढल्यावर तो वाफा खोल खणू नका, नाहीतर खालचे जिवंत बी वर येईल.

लव्हाळ्याला सावलीही सोसत नाही. सावलीत तो जगतो, पण गाठी फारशा धरत नाही. एखादा वाफा सध्या रिकामा असेल तर आत्ताच, जुलैत, त्यात ताग दाट फेका, गुंठ्याला साधारण ६०० ग्रॅम बी. पेरण्याआधी लव्हाळा एकदा कापून घ्या म्हणजे तागाला पुढे जायला वाव मिळतो. ४५ ते ५० दिवसांनी, फुले येण्याच्या सुमारास, ताग कापून तिथेच मातीत मिसळा. खतही झाले. रताळ्याचे वेल किंवा पसरणारी चवळी हेच काम करतात, फक्त पहिले महिनाभर त्यांच्यामधली खुरपणी चुकवता येत नाही.

आच्छादनाबद्दल थोडे सविस्तर. गुलाबाच्या आळ्यांत लव्हाळा कापल्यावर उसाचे पाचट, वाळका पालापाचोळा किंवा वाळवलेले गवत चार इंच जाड पसरा. दोन इंचांचा थर दिसायला पुरेसा वाटतो, पण पंधरा दिवसांत दबून एक इंच होतो आणि त्यातून सगळे उगवते. शंभर चौरस फुटांना चार इंच म्हणजे सुमारे ३३ घनफूट, पोत्यांत मोजायचे तर दहा-बारा भरलेली पोती. लोक दोन पोती आणतात आणि आच्छादनाचा उपयोग होत नाही म्हणतात. खाली वर्तमानपत्राचे आठ-दहा थर किंवा पुठ्ठा ओला करून घातला तर बियांचे तण जवळजवळ थांबते. लव्हाळा थांबत नाही, पण लांबुडका, फिकट होऊन वर येतो आणि सैल मातीतून चिमटीने सहज सुटतो. झाडाच्या बुंध्याभोवती तीन इंच जागा मोकळी ठेवा, नाहीतर बुंधा कुजतो. वाळवी दिसली तर तेवढ्या भागातले आच्छादन उचलून जागा काही दिवस उघडी ठेवा. फुलावर आलेले गवत आच्छादन म्हणून कधीच वापरू नका, ती बियांची पेरणी ठरते.

आता हरळी. ती वरून धावणाऱ्या आणि जमिनीतून जाणाऱ्या अशा दोन्ही प्रकारच्या खोडांनी पसरते आणि पेर असलेला बोटभर तुकडाही रुजतो. म्हणून हरळी असलेल्या जागेत पॉवर टिलर फिरवणे म्हणजे तिची लागवड करणे. वापशावर काट्याने मुळ्या सोडवून घ्यायच्या, तुकडे टोपलीत गोळा करायचे, वाफ्यात एकही ठेवायचा नाही. गुलाबात ती शिरते आहे ती बाजूच्या वाटेवरून किंवा पडीक पट्ट्यातून, तेव्हा मूळ काढूनही ती परत येत राहील. आळ्याच्या कडेने आठ इंच खोल चर घेऊन शहाबादी फरशीचे तुकडे उभे बसवा, दोन इंच जमिनीच्या वर दिसतील असे, आणि सांधे सिमेंटने बुजवा. वरून ओलांडणारे धावते खोड महिन्यातून एकदा कापले की झाले. गणपतीला दूर्वा लागतात म्हणून हरळी ठेवायची असेल तर ती तळ असलेल्या कुंडीत, फरशीवर ठेवा, वाफ्याच्या कोपऱ्यात नको.

कंपाउंडचे गाजरगवत या महिन्यातच काढले पाहिजे, कारण उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात ते फुलते आणि एक झाड हजारोंनी बी टाकते. १९५५च्या सुमारास पुण्यात त्याची नोंद झाली आणि तिथून ते देशभर गेले, ते या बियांच्या जोरावरच. पाऊस पडून गेल्यावर जमीन मऊ असताना मुळासकट उपटा. नुसते कापले तर बुडातून पुन्हा फुटते. रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि नाकावर फडके हवेच. या झाडाने अंगाला खाज, पुरळ उठते आणि परागकणांनी काहींना दमा होतो. नातवाला त्या दिवशी तिकडे फिरकू देऊ नका आणि कामाचे कपडे वेगळे धुवा. फुले नसलेली झाडे कंपोस्टला चालतात. फुललेली झाडे पोत्यात भरून पूर्ण वाळवा, खतात घालू नका. पट्टा रिकामा ठेवलात तर जमिनीतले उरलेले बी पावसाच्या पुढच्या सरीला उगवेल, म्हणून उपटल्याबरोबर तिथे झेंडूची रोपे फूट-फूट अंतरावर दाट लावा. झेंडू गाजरगवताला सावलीत दाबतो आणि दसऱ्याला फुलेही होतात. आणखी एक : गाजरगवताची पाने कुरतडलेली दिसली आणि त्यावर मळकट पांढरे, तपकिरी रेघांचे छोटे भुंगेरे असतील तर त्यांना मारू नका. तो मेक्सिकन भुंगेरा आहे. गाजरगवत खाण्यासाठीच तो १९८०च्या दशकात भारतात आणला गेला आणि पावसाळ्यात तो जोमात असतो. एकट्याने तो पट्टा साफ करणार नाही, पण मदत मोठी करतो.

पेव्हर ब्लॉकच्या फटींतले तण हा वेगळा आणि सोपा प्रश्न आहे. फटीत वाऱ्याने माती साचते, त्यात बी पडते. पातळ खुरप्याने किंवा जुन्या स्क्रू ड्रायव्हरने तण आणि माती दोन्ही खरवडून काढा. जे मुळाशी तुटते त्यावर उकळते पाणी, तीन-चार फूट फटीला एक लिटर, थेट बुडात ओता. कोवळे तण एकदा ओतून मरते, जून तण दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा मागते. हे काम नातू आणि कुत्रा घराच्या आत असतानाच करा, किटलीची चोच लांब असलेली बरी. फटी मोकळ्या झाल्यावर कोरडी क्रश सँड (दगड भरडून केलेली वाळू) झाडूने गच्च भरा. वाट दर आठवड्याला झाडली तर माती साचत नाही.

मैत्रिणीच्या मीठ-व्हिनेगरचे पाहू. दुकानातल्या व्हिनेगरमध्ये सुमारे चार टक्के अॅसिटिक आम्ल असते. उन्हात फवारले तर पाने दुसऱ्या दिवशी करपतात, म्हणून ते परिणामकारक वाटते. पण ते पानाच्या आत शिरून गाठीपर्यंत जात नाही, त्यामुळे लव्हाळा आणि हरळी दहा-बारा दिवसांत परततात. मीठ मात्र खरे नुकसान करते. मिठातले सोडियम काळ्या मातीच्या कणांची रचना मोडते, माती पावसात चिकट आणि उन्हात दगडासारखी होते, पाणी मुरत नाही. एकदा टाकलेले मीठ वेचून काढता येत नाही, आणि वाटेवर टाकले तरी पहिल्या पावसात ते गुलाबाच्या आळ्यात जाते. रस्त्याकडेच्या गाजरगवतावर मिठाचे दाट द्रावण फवारण्याचा सल्ला दिला जातो, तो पडीक जागेपुरता आहे. तुमचा पट्टा झाडांना आणि द्राक्षबागेला लागून आहे, तेव्हा तो तुम्हाला लागू होत नाही.

राहिली रसायने. २,४-डी रुंद पानांच्या तणांवर काम करते. हरळीचे ते काही बिघडवत नाही, लव्हाळ्याचा फार तर वरचा भाग वाळवते. गाजरगवत आणि किरकोळ तणे सोडली तर तुमच्या बागेत रुंद पानांचे आहे काय? गुलाब, मोगरा, वांगी, टोमॅटो. म्हणजे मारायचे ते जगेल आणि जगवायचे ते मरेल. त्याहून गंभीर म्हणजे द्राक्ष या औषधाला अतिशय संवेदनशील आहे. वाऱ्याबरोबर गेलेल्या तुषारांनीही द्राक्षाची पाने पंख्यासारखी आखडतात, शेंडे वाकडे होतात. शेजाऱ्याचे वर्षाचे उत्पन्न तुमच्या भिंतीपलीकडे उभे आहे, म्हणून हे पाकीट न फोडता दुकानात परत द्या. गटारात किंवा कचऱ्यात टाकू नका. २,४-डी फवारलेला पंप नंतर कितीही धुतला तरी गुलाबावर वापरू नये, तेव्हा माळीदादा बाहेरून पंप आणत असतील तर त्यात आधी काय होते हे विचारा.

कोणी पॅराक्वाट सुचवले तर ते घरात येऊच देऊ नका. ते तणाचा फक्त हिरवा भाग जाळते, गाठी तशाच राहतात. माणसाच्या पोटात घोटभर गेले तरी जीव जाऊ शकतो आणि त्यावर उतारा नाही. चार वर्षांचे मूल असलेल्या घरात ही चर्चा इथेच संपायला हवी. पेंडिमेथालिन कांद्याच्या शेतात वापरतात, पण ते उगवणाऱ्या बियांवर चालते, लव्हाळ्याच्या गाठींवर नाही. हॅलोसल्फ्युरॉन उसातल्या लव्हाळ्यावर चांगले चालते, पण ते फुलझाडांच्या मिश्र बागेसाठी नाही आणि मातीत राहून पुढच्या भाजीला बाधू शकते.

लव्हाळ्याच्या गाठीपर्यंत पानांतून उतरणारे सर्वपरिचित औषध म्हणजे ग्लायफोसेट. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये आदेश काढून त्याची फवारणी पेस्ट कंट्रोल ऑपरेटरपुरती मर्यादित केली. आजचा नियम तालुका कृषी अधिकाऱ्याकडे विचारून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये त्याला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकले, अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचे मत वेगळे आहे. आमचे मत असे : वाफ्यांत, गुलाबात आणि तुमच्या घराजवळ त्याची गरज नाही. हिरव्या सालीवर किंवा कोवळ्या फुटव्यावर थेंब पडला तरी गुलाब दगावतो. फक्त कंपाउंडचा पट्टा लव्हाळा-हरळीने इतका भरला असेल की खणणे अशक्य आहे, तर परवानाधारक माणसाकडून, पंपाच्या नोझलला हूड, म्हणजे तुषार उडू न देणारी टोपी लावून, वारा नसलेल्या सकाळी ते काम करून घ्या. नातू आणि कुत्रा यांना तिथे पूर्ण वाळेपर्यंत आणि लेबलवर सांगितलेल्या मुदतीपर्यंत जाऊ देऊ नका.

त्या माणसाच्या कामावर नजर ठेवायची असेल तर चार गोष्टी पाहा. पाणी गढूळ नको, कारण ग्लायफोसेट मातीच्या कणांना चिकटून निकामी होते. बोअरचे जड पाणीही त्याचा जोर कमी करते, साठवलेले पावसाचे पाणी उत्तम. तण फवारणीआधी कापलेले नसावे, पाने हिरवी आणि वाढीत हवीत, लव्हाळा फुलावर येण्याच्या बेतात असताना अन्न गाठींकडे जात असते आणि औषधही त्याबरोबर उतरते. फवारणीनंतर किमान सहा तास पाऊस नको. आणि पिवळे पडायला दहा-पंधरा दिवस लागतात, तोवर कापायचे नाही. बहुतेक जण चौथ्या दिवशी ‘काहीच झाले नाही’ म्हणून विळा चालवतात आणि औषध गाठीत उतरण्याआधीच पाने तोडून टाकतात. एकदा फवारून सगळ्या गाठी मरत नाहीत, झोपलेल्या नंतर फुटतात, त्या पंधरवड्याच्या खुरपणीत सापडतील.

एवढे सगळे करून बाहेरून पुन्हा लव्हाळा येऊ द्यायचा नाही. तो बहुतेक वेळा नर्सरीच्या काळ्या पिशवीतून, ट्रॉलीभर आणलेल्या गाळाच्या मातीतून किंवा अर्धवट कुजलेल्या शेणखतातून येतो. रोप लावण्याआधी पिशवीतली वरची दोन इंच माती खरवडून पाहा. तारेसारखा तंतू किंवा काळी गाठ दिसली तर ते रोप परत करा. माती किंवा खत मागवताना आधी एक घमेलेभर नमुना आणा, जुन्या टबात चार इंच थर करून ओला ठेवा आणि उन्हात तीन आठवडे थांबा. त्यात तीनधारी दांडीचे पाते उगवले तर ती ट्रॉली घेऊ नका.